पॅकेजमधल्या सिमलिंका अपग्रेडला का फसतात?

सांधेजोड

नमस्कार मंडळी,

नकाशे काढणाऱ्या एका प्रोग्रॅमचं पॅकेजिंग नुकतंच माझ्याकडे आलं आहे. एकाच सोर्समधून डेबियन लिनक्ससाठी डेब आणि फेडोरा लिनक्ससाठी आरपीएम, अशी दोन्ही पॅकेजं काढायची असतात. आत एक शेअर्ड लायब्ररी, एक कमांड, थोडा डेटा आणि फॉन्ट. कंपाइल होण्यात काही अडचण नाही. सगळा घोळ सिमलिंकांचा, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे किंवा डिरेक्टरीकडे बोट दाखवणाऱ्या लिंकांचा आहे.

पहिलं लक्षण. बिल्ड मशीनवर कमांड व्यवस्थित चालते. तेच डेब कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर बसवलं की ‘अशी फाइल नाही’ म्हणते. एलएस -एल मारल्यावर हे दिसलं:

/यूएसआर/बिन/नकाशा -> /होम/बिल्डर/स्टेज/यूएसआर/लिब/नकाशा/नकाशा

म्हणजे बिल्डच्या तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता पॅकेजमधून थेट वापरणाऱ्याच्या मशीनवर गेला आहे.

दुसरं लक्षण जास्त गोंधळाचं आहे. आधीच्या आवृत्तीत /यूएसआर/शेअर/नकाशा/फॉन्ट ही खरी डिरेक्टरी होती, आत देजावू फॉन्टच्या प्रती होत्या. नव्या आवृत्तीत त्या काढून सिस्टिमच्या फॉन्टकडे जाणारी लिंक ठेवली आहे. नव्यानं बसवलं तर उत्तम चालतं. जुन्यावर अपग्रेड केलं तर डेबियनवर काही एरर येत नाही, पण नकाशावर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. फेडोरावर तर अपग्रेडच अडतं, ‘सीपीआयओ: रीनेम फेल्ड - इज अ डिरेक्टरी’ म्हणून.

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. लिंक रिलेटिव्ह (तिच्या स्वतःच्या जागेपासून मोजलेला पत्ता) ठेवावी की ॲब्सोल्यूट (मुळापासूनचा पूर्ण पत्ता)? ती मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्ड करतानाच, तयार करावी की पॅकेज बसवल्यावर चालणाऱ्या पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमध्ये? आणि डिरेक्टरीची लिंक करायची झाली तर रीतसर मार्ग कोणता?

वाटाड्या

पहिल्या लक्षणापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे.

सिमलिंक म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी, एवढंच. एलएन -एस ही कमांड तो पत्ता खरा आहे का, तिथं काही आहे का, यातलं काहीही तपासत नाही. दिलेली अक्षरं जशीच्या तशी साठवते. आजच्या कुठल्याही डेबियनवर किंवा फेडोरावर एलएस -एल /बिन करून बघा. लिंकचा आकार ७ दिसेल, कारण ‘यूएसआर/बिन’ हा पत्ता रोमन लिपीत ७ अक्षरांचा आहे. लिंकमध्ये त्यापलीकडे काही नसतं. पत्ता वाचला जातो तो कुणी ती लिंक उघडेल तेव्हा, आणि तोही त्या क्षणी त्या मशीनवर जी फाइलसिस्टिम असेल तिच्यात.

आता डेस्टडिर. मेक इन्स्टॉल करताना डेस्टडिर देतो तो फाइली कुठं *ठेवायच्या* यासाठी. त्या शेवटी कुठं *नांदणार* हे प्रीफिक्स सांगतो. एलएन -एसला दोन पत्ते द्यावे लागतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. दुसरा पत्ता, म्हणजे लिंकची जागा, ही ठेवण्याची गोष्ट, तिथं डेस्टडिर हवाच. पहिला पत्ता, म्हणजे लिंकच्या आतला मजकूर, हा नांदण्याचा, तिथं डेस्टडिर कधीच येता कामा नये. तुमच्या मेकफाइलमध्ये दोन्हीकडे $(डेस्टडिर) असणार. पहिल्यातून काढा, लक्षण जाईल.

अनेक जण दोन्हीकडे घालतात, कारण तसं केल्यावर स्टेजमध्ये, म्हणजे बिल्डच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये, लिंक ‘चालते’ आणि एलएसच्या रंगीत यादीत लाल दिसत नाही. ॲब्सोल्यूट लिंक स्टेजमध्ये तुटलेली दिसणं हेच बरोबर आहे.

मेसन हे बिल्डचं साधन वापरत असाल तर ०.६१ पासून त्यात इन्स्टॉल_सिमलिंक आहे, ते हा फरक आपोआप सांभाळतं. ऑटोमेकवाल्यांनी इन्स्टॉल-एक्झेक-हुकमध्ये हातानं लिहावं.

रानजाई

रिलेटिव्ह की ॲब्सोल्यूट याला डेबियन पॉलिसीच्या १०.५ कलमात नेमकं उत्तर आहे. लिंक आणि लक्ष्य एकाच टॉप-लेव्हल डिरेक्टरीत असतील, उदाहरणार्थ दोन्ही /यूएसआरच्या आत, तर रिलेटिव्ह. एक /यूएसआरमध्ये आणि दुसरं /ईटीसी किंवा /व्हारमध्ये असेल तर ॲब्सोल्यूट.

नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण धरून ठेवा. रिलेटिव्ह पत्ता मोजला जातो तो लिंक ज्या डिरेक्टरीत *प्रत्यक्ष* आहे तिथून. तुम्ही कुठं उभे राहून कमांड देता त्याच्याशी संबंध नाही. आता समजा एखाद्या ॲडमिननं जागा कमी पडली म्हणून /व्हार उचलून /एसआरव्ही/व्हारमध्ये नेलं आणि मूळ जागी लिंक ठेवली. तुमच्या पॅकेजनं /व्हार/लिबमध्ये ‘../../यूएसआर/शेअर/नकाशा’ अशी लिंक ठेवली असेल तर ती आता /एसआरव्ही/यूएसआर/शेअर/नकाशा शोधत बसेल. तिथं काहीच नाही. ॲब्सोल्यूट असती तर टिकली असती. उलट /यूएसआरच्या आतल्या आतल्या लिंका रिलेटिव्ह असतील तर अख्खं /यूएसआर दुसरीकडे माउंट केलं तरी चालतात.

डीएच_लिंक हा डेबियनचा पॅकेजिंग प्रोग्रॅम वापरलात तर हा विचार तोच करतो. डेबियन फोल्डरमधल्या .लिंक्स फाइलमध्ये आधी लक्ष्य आणि मग लिंकचं नाव, दोन्ही पूर्ण पत्ते लिहायचे. रिलेटिव्ह करायची की नाही हे तो ठरवतो. आरपीएमच्या बाजूला पॅकेज तपासणारा आरपीएमलिंट ॲब्सोल्यूट लिंक दिसली की इशारा देतो.

तुमची नकाशा कमांड आणि तिचं लक्ष्य दोन्ही /यूएसआरमध्ये आहेत, तेव्हा ‘../लिब/नकाशा/नकाशा’.

उंबरठा

@रानजाई, नियम मान्य, पण शक्य तिथं रिलेटिव्हच करावी या मताचा मी आहे. क्रॉस-कंपाइल, म्हणजे एका आर्किटेक्चरच्या मशीनवर दुसऱ्यासाठी कंपाइल, करणाऱ्यांना विचारा. पूर्वी लायब्ररी /लिबमध्ये असायची आणि डेव्ह पॅकेजमधली .एसओ लिंक /यूएसआर/लिबमध्ये. दोन वेगळ्या टॉप-लेव्हल डिरेक्टऱ्या, म्हणून नियमानुसार लिंक ॲब्सोल्यूट. सिसरूट, म्हणजे त्या दुसऱ्या मशीनच्या फाइलसिस्टिमची नक्कल, म्हणून ते सगळं एखाद्या उपफोल्डरमध्ये उलगडलं की लिंक थेट होस्ट मशीनच्या /लिबकडे बोट दाखवायची. लिंकर एक तर दुसऱ्याच आर्किटेक्चरची लायब्ररी उचलायचा किंवा थांबायचा. त्या लिंका रिलेटिव्ह करून देणाऱ्या छोट्या स्क्रिप्टा लोकांनी जागोजागी लिहून ठेवल्या आहेत. /एमएनटीवर एखादी डिस्क लावून दुरुस्ती करतानाही हीच गत होते.

रानजाई

@उंबरठा, तो त्रास खरा आहे आणि मला त्याची पूर्ण कल्पना आहे. पण यूएसआर-मर्जनंतर, म्हणजे /बिन आणि /लिब /यूएसआरमध्ये सामावल्यावर, त्यातला मोठा भाग आपोआप मिटला. फेडोरानं ते २०१२ मध्ये १७व्या आवृत्तीत केलं, डेबियननं २०२३ च्या बुकवर्ममध्ये सक्तीचं केलं. लायब्ररी आणि तिची लिंक दोन्ही आता /यूएसआरमध्येच, म्हणजे नियमानंही रिलेटिव्हच. उरतात त्या /ईटीसी आणि /व्हारकडे जाणाऱ्या. तिथं मी ॲडमिनच्या बाजूनं उभी राहीन. डिस्क हलवायचा हक्क त्याचा आहे आणि पॅकेजनं तो गृहीत धरायला हवा.

बिल्डकर

लायब्ररीबद्दल धागाकर्त्यानं विचारलेलं नाही, पण सांगून ठेवतो, कारण पुढचा घोळ तिथंच असतो.

साखळी अशी: लिबनकाशा.एसओ -> लिबनकाशा.एसओ.१ -> लिबनकाशा.एसओ.१.४.२. शेवटची खरी फाइल. मधलं नाव म्हणजे सोनेम, प्रोग्रॅम चालताना हेच शोधलं जातं. पहिलं फक्त कंपाइल करताना लिंकरला लागतं. म्हणून मधली लिंक आणि खरी फाइल मुख्य पॅकेजमध्ये, पहिली लिंक डेव्ह किंवा डेव्हेल पॅकेजमध्ये. पहिली लिंक मुख्य पॅकेजमध्ये टाकली की पुढं १ आणि २ अशा दोन आवृत्त्या शेजारी शेजारी बसवता येत नाहीत, कारण दोन्ही पॅकेजं एकाच नावावर हक्क सांगतात. सीमेक या बिल्डच्या साधनात नेमलिंक_कंपोनंट यासाठीच आहे.

दुसरं, स्टेजमध्ये फाइली नेताना कुठली कमांड वापरता ते बघा. इन्स्टॉल ही कमांड लिंकच्या मागं जाते आणि खऱ्या फाइलची प्रत ठेवते. सीपी -ए लिंक जशीच्या तशी ठेवते. टार मुळातच लिंक जपतो (-एच दिलं तरच मागं जातो), तर झिप मात्र -वाय दिल्याशिवाय लिंकेच्या जागी प्रत भरतो. चुकीचं हत्यार वापरलं की तीन लिंकांऐवजी तीन सारख्या मोठ्या फाइली पॅकेजमध्ये जातात. खूण अशी की पॅकेज अचानक फुगतं, आणि बसवताना लायब्ररींच्या लिंका सांभाळणारा एलडीकॉन्फिग ‘इज नॉट अ सिम्बॉलिक लिंक’ म्हणून कुरकुर करतो. ती ओळ दिसली तर दुर्लक्ष करू नका. पुढच्या अपग्रेडला जुनी प्रत मधल्या नावानं तशीच बसून राहण्याचा धोका असतो, आणि मग नवी लायब्ररी बसूनही प्रोग्रॅम जुनीच उचलतो.

कोनाडा

आता डिरेक्टरीची लिंक करण्याकडे येतो. माझ्या मते सिमलिंकांच्या बाबतीत पॅकेजिंगमधला सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि कोऱ्या मशीनवर कितीही चाचण्या केल्या तरी तो दिसत नाही.

डीपीकेजीचा, म्हणजे डेब बसवणाऱ्या प्रोग्रॅमचा, ठाम नियम आहे: असलेल्या डिरेक्टरीच्या जागी तो लिंक ठेवत नाही आणि डिरेक्टरीकडे जाणाऱ्या लिंकेच्या जागी डिरेक्टरी ठेवत नाही. जे आहे ते राहू देतो, आणि लिंक असेल तर तिच्या मागं जाऊन फाइली टाकतो. कारण रानजाई यांनी वर सांगितलं तेच. ॲडमिननं जागेसाठी डिरेक्टरी हलवून लिंक ठेवली असेल तर प्रत्येक अपग्रेडला ती मोडली जाऊ नये.

तुमच्या बाबतीत काय झालं ते क्रमानं बघा. नव्या पॅकेजमध्ये ‘फॉन्ट’ ही लिंक आहे. डिस्कवर त्या नावाची डिरेक्टरी आहे, म्हणून डीपीकेजीनं ती तशीच ठेवली. मग जुन्या आवृत्तीत असलेल्या आणि नव्या आवृत्तीत नसलेल्या फाइली त्यानं पुसल्या, म्हणजे आतले सगळे फॉन्ट गेले. उरली रिकामी डिरेक्टरी. प्रोग्रॅम तिथं बघतो, फॉन्ट नाही, चौकोन काढतो. एरर कुठंच नाही, कारण डीपीकेजीच्या दृष्टीनं सगळं नियमानं झालं.

यावर रीतसर उपाय डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर, त्यातली डिर_टू_सिमलिंक ही उपकमांड. उलट दिशेला सिमलिंक_टू_डिर. ती प्रीइन्स्ट (बसवण्याआधीची), पोस्टइन्स्ट आणि पोस्टआरएम (काढल्यानंतरची) या तिन्ही स्क्रिप्टांत त्याच पॅरामीटरांनी यावी लागते. हातानं लिहू नका. डेबियन फोल्डरमध्ये पॅकेजच्या नावाची .मेंटस्क्रिप्ट फाइल करून त्यात एक ओळ टाका, डीएच_इन्स्टॉलडेब ती तिन्हीकडे घालतो. जुना पत्ता देताना शेवटी तिरकी रेघ देऊ नका. हेल्पर प्रीइन्स्टमध्ये जुनी डिरेक्टरी .डीपीकेजी-बॅकअप नावानं बाजूला करतो आणि पोस्टइन्स्टमध्ये लिंक बसवतो. त्याआधी त्या डिरेक्टरीत दुसऱ्या पॅकेजच्या किंवा वापरणाऱ्यानं स्वतः ठेवलेल्या फाइली आहेत का, तेही बघतो. ही तपासणी हातानं लिहिलेल्या आरएम -आरएफमध्ये नसते. कुणीतरी आपला स्वतःचा फॉन्ट तिथं टाकलेला असू शकतो, आणि तो पुसण्याचा अधिकार पॅकेजला नाही.

आरपीएममध्ये अडचण तीच, पण तिथं निदान एरर तरी येते. आरपीएम नवी लिंक तात्पुरत्या नावानं उलगडून मूळ नावावर रीनेम करायला जातो, आणि कर्नल डिरेक्टरीवर लिंक रीनेम करू देत नाही. फेडोराच्या मार्गदर्शक नियमांत यासाठी %प्रीट्रान्स स्क्रिप्टलेट सांगितलं आहे, आणि ते लुआ या भाषेतच लिहायचं. %प्रीट्रान्स संपूर्ण ट्रान्झॅक्शनच्या आधी चालतं. नवी सिस्टिम उभी होत असेल तर त्या वेळी शेलसुद्धा बसलेला नसतो, तर लुआचा इंटरप्रिटर आरपीएमच्या आतच असतो. पॉझिक्स.स्टॅटनं प्रकार बघायचा, डिरेक्टरी असेल तर शेवटी .आरपीएममूव्ह्ड लावून रीनेम करायची, आणि ते नाव फाइलींच्या यादीत %घोस्ट (पॅकेजच्या मालकीचं, पण आत न भरलेलं) म्हणून लिहायचं.

आणि एक मनापासूनचा सल्ला: टाळता आलं तर टाळा. लिंकेला नवं नाव द्या, ‘फॉन्ट’ऐवजी ‘सिस्टिम-फॉन्ट’, आणि प्रोग्रॅमला नव्या नावाकडे बघायला लावा. जुनी डिरेक्टरी रिकामी झाली की पॅकेज मॅनेजर ती स्वतः काढतो. एकही स्क्रिप्ट लागत नाही. जी स्क्रिप्ट लिहिलीच नाही तिची चाचणीही घ्यावी लागत नाही.

सांधेजोड

@कोनाडा, फार आभार. रिकाम्या डिरेक्टरीचा उलगडा अगदी बरोबर निघाला, आत काहीच नाही. पण नाव बदलणं जमणार नाही. फॉन्टचा पत्ता लोकांच्या सेटिंग फाइलींत लिहिलेला आहे. तेव्हा हेल्परच वापरेन.

दुसऱ्या प्रश्नाचं काय? आधीच्या स्क्रिप्टांत बऱ्याच लिंका पोस्टइन्स्टमध्ये तयार केल्या आहेत.

वाटाड्या

त्या तिथून काढून पॅकेजमध्येच भरा. लिंक पॅकेजच्या आत असेल तर डीपीकेजी -एल (मोठा एल) आणि आरपीएम -क्यूएलच्या यादीत ती दिसते, ‘ही फाइल कुणाची’ विचारलं तर उत्तर मिळतं, दोन पॅकेजांची टक्कर बसवण्याआधीच कळते आणि काढताना ती आपोआप जाते. स्क्रिप्टनं केलेल्या लिंकेला मालक नसतो. पॅकेज गेल्यावर ती तुटक्या अवस्थेत मागं राहते.

आरपीएमवर याहून वाईट होतं. अपग्रेडचा क्रम असा असतो: आधी नव्याचं %पोस्ट (बसवल्यानंतरची स्क्रिप्ट), आणि *नंतर* जुन्याचं %पोस्टअन (काढल्यानंतरची). %पोस्टमध्ये लिंक करून %पोस्टअनमध्ये ती आरएम केली असेल तर अपग्रेडमध्ये नव्यानं केलेली लिंक जुना जाता जाता काढून टाकतो. लोक म्हणतात, ‘पहिल्यांदा बसवलं की चालतं, अपडेट केलं की कमांड गायब.’ %पोस्टअनमध्ये पहिला पॅरामीटर ० असेल तरच, म्हणजे पॅकेज खरोखर काढलं जात असेल तरच साफसफाई करायची.

अपवाद एक, आणि तो महत्त्वाचा: अल्टरनेटिव्ह्ज. एकाच नावावर अनेक पॅकेजांचा हक्क असेल, जसं /यूएसआर/बिन/एडिटर, तर ती लिंक कुणीच पॅकेजमध्ये भरायची नाही. अपडेट-अल्टरनेटिव्ह्जकडे नोंद करायची. तो मधे /ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज घालतो आणि वापरणाऱ्यानं हातानं केलेली निवड अपग्रेडमध्ये जपतो.

उंबरठा

स्क्रिप्टांचा विषय निघालाच आहे तर सुरक्षेचं सांगतो. पोस्टइन्स्ट रूट म्हणून चालते. तुमच्या प्रोग्रॅमचा वेगळा युजर असेल, त्याच्या मालकीची /व्हार/लिब/नकाशा असेल आणि स्क्रिप्टमध्ये त्या डिरेक्टरीतल्या एखाद्या फाइलीवर साधं चोन (फाइलीचा मालक बदलणारी कमांड) असेल, तर थांबा. तो युजर ती फाइल काढून तिथं /ईटीसी/शॅडोकडे जाणारी लिंक ठेवू शकतो. चोन नुसतं नाव दिल्यावर लिंकेच्या मागं जातं, आणि पुढच्या अपग्रेडला रूट स्वतःच्या हातानं पासवर्डची फाइल त्याच्या नावावर करतो. चोन -एच लिंकेवरच थांबतं. त्याहून चांगलं म्हणजे युजरच्या ताब्यातल्या डिरेक्टरीत रूटनं काहीच करू नये. डिरेक्टरी तयार करायचं काम सिस्टिमडी-टीएमपीफाइल्सकडे द्यावं, त्यात अशा लिंकांविरुद्ध तपासण्या आहेत. कर्नलमध्ये ३.६ पासून प्रोटेक्टेड_सिमलिंक्स आहे, पण ते फक्त /टीएमपीसारख्या सर्वांना लिहिता येणाऱ्या स्टिकी डिरेक्टऱ्यांपुरतं. /व्हार/लिबमध्ये त्याचा आधार नाही.

बिल्डकर

+१. टारबॉल उलगडणाऱ्या इन्स्टॉलरनाही हेच लागू. आधी बाहेर जाणारी लिंक आणि मग त्या लिंकेतून जाणारी फाइल, अशा दोन नोंदी टारमध्ये ठेवल्या की फाइल ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर पडते. पायथनच्या टारफाइलमधला बाहेर लिहिण्याचा दोष २००७ पासून नोंदलेला होता. ३.१२ मध्ये ‘डेटा’ फिल्टर आला आणि ३.१४ पासून तो आपोआप लागू होतो. जुनी आवृत्ती असेल तर फिल्टर स्वतः मागा.

पायवाट

वाचतेय, खूप कामाचा धागा आहे. आमचा प्रोग्रॅम पायथन व्हील (पायथनचं पॅकेज) आणि एनपीएमवरही (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांची व्यवस्था) जातो, तिथं लिंका कशा ठेवायच्या? शिवाय काही सहकारी विंडोजवर आहेत. त्यांच्याकडे एक फाइल उघडली तर आत फक्त ‘../सामायिक/सेटिंग’ एवढीच ओळ दिसते.

रानजाई

@पायवाट, तिथं लिंका ठेवूच नका. व्हील ही झिप असते आणि त्या फॉरमॅटमध्ये सिमलिंकांची सोय नाही. एनपीएम पॅक लिंका गाळूनच टाकतो. एनपीएममध्ये कमांडसाठी ‘बिन’ नोंद द्या, व्हीलमध्ये एंट्री पॉइंट. लिंक किंवा शिम (खरी कमांड चालवणारी छोटी फाइल) करणं हे बसवणाऱ्याचं काम होतं.

विंडोजवर दिसतंय ते गिट करतंय. तिथं लिंक तयार करायला खास परवानगी किंवा विंडोज १० पासूनचा डेव्हलपर मोड लागतो. नसेल तर गिट कोअर.सिमलिंक्स बंद ठेवतं आणि लिंकेच्या जागी पत्ता लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल ठेवतं. अशा चेकआउटवरून पॅकेज बांधलं तर तीच टेक्स्ट फाइल आत जाते. रिलीज नेहमी लिनक्सवरच्या स्वच्छ चेकआउटवरून बांधा.

सांधेजोड

सगळ्यांचे उपाय लावले. डेस्टडिर काढलं, लिंका पॅकेजमध्ये आणल्या, मेंटस्क्रिप्टची ओळ टाकली, आरपीएमसाठी लुआ लिहिलं. जुनं बसवून त्यावर नवं, असं दोन्हीकडे चालवून पाहिलं. डेबियनवर अक्षरं परत दिसू लागली आणि फेडोरावरचं अपग्रेड अडत नाही.

एकच राहिलं. बिल्डमध्ये आपोआप तपासणी लावायची म्हणून स्टेजमध्ये फाइंड . -एक्सटाइप एल चालवतो, तर ती फॉन्टची लिंक तुटकी दाखवते, जरी बसवल्यावर चालत असली तरी. हे सोडून द्यावं का?

कोनाडा

सोडू नका, ती यादी नीट वाचा. त्यात तीन प्रकार मिसळलेले असतात.

एक, पत्त्यात बिल्डचं फोल्डर असलेल्या लिंका. हा दोष, बिल्ड तिथंच थांबवा. दोन, /ईटीसी वगैरेकडे जाणाऱ्या ॲब्सोल्यूट लिंका. त्या स्टेजमध्ये तुटक्याच दिसणार, कारण फाइंड तुमच्या बिल्ड मशीनच्या /ईटीसीत बघतं. उलटा धोकाही आहे: बिल्ड मशीनवर ती फाइल योगायोगानं असेल तर लिंक यादीत येतच नाही. म्हणून अंतिम तपासणी कोऱ्या कंटेनरमध्ये पॅकेज बसवून, डीपीकेजी -एल किंवा आरपीएम -क्यूएलची यादी घेऊन तिच्यातल्या लिंकांवरच करा.

तीन, तुमची फॉन्टची लिंक. तिचं लक्ष्य दुसऱ्या पॅकेजमध्ये आहे, म्हणून स्टेजमध्ये ते असणारच नाही. अशा प्रत्येक लिंकेमागं एक डिपेंडन्सी हवी, आणि फॉन्ट डिरेक्टरीची लिंक बघून ती आपोआप कुणी लावत नाही. डेबियनवर डिपेंड्समध्ये फॉन्ट्स-देजावू-कोअर, फेडोरावर रिक्वायर्समध्ये देजावू-सॅन्स-फॉन्ट्स. दोन्हीकडचे पत्तेही वेगळे आहेत: डेबियनवर ../फॉन्ट्स/ट्रूटाइप/देजावू, फेडोरावर ../फॉन्ट्स/देजावू-सॅन्स-फॉन्ट्स. तेव्हा ही लिंक सामायिक मेकफाइलमध्ये न ठेवता डेबियनच्या .लिंक्स फाइलमध्ये आणि फेडोराच्या स्पेकमध्ये (आरपीएम कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) वेगवेगळी लिहा. रेकमेंड्स किंवा सजेस्ट्स या सक्तीच्या नसलेल्या नोंदींवर भागवू नका. किमान आकाराच्या कंटेनरमध्ये ती पॅकेजं येत नाहीत, आणि तुमचे चौकोन तिथं पुन्हा दिसतील.